उष्ण प्रदेशातील मेंढ्यांची उष्णता सहनशीलता आणि आहार

मेंढ्यांची उष्णता सहनशीलता म्हणजे सभोवतालचे तापमान वाढले तरी शरीराचे तापमान, भूक, वाढ आणि प्रजनन टिकवून ठेवण्याची मेंढीची क्षमता होय. चराईवर पोसल्या जाणाऱ्या मेंढीच्या बाबतीत ही क्षमता आहारापासून वेगळी करता येत नाही. चारा पचविताना शरीरात उष्णता निर्माण होते, ही उष्णता बाहेर टाकता आली नाही तर मेंढी कमी खाते आणि कमी खाल्ल्याने तिचे पोषण खालावते. उष्ण प्रदेशात उन्हाळा हाच चाऱ्याच्या टंचाईचाही काळ असल्याने दोन्ही ताण एकाच वेळी येतात. या लेखात या प्रक्रियेची सर्वसाधारण माहिती असून उदाहरण म्हणून दख्खनच्या पठारावरील मेंढीपालनाचा विचार केला आहे.

## शरीरातील उष्णतेचा समतोल

निरोगी प्रौढ मेंढीच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. हवा थंड असताना शरीरातील बरीचशी उष्णता त्वचेवाटे हवेत जाते. हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की हा मार्ग जवळजवळ बंद होतो आणि बाष्पीभवन हाच मुख्य उपाय उरतो. मेंढीला घाम येतो, परंतु लोकरीखालील घामाचे बाष्पीभवन मर्यादित असते. त्यामुळे ती मुख्यतः श्वसनमार्गातून पाण्याची वाफ बाहेर टाकून शरीर थंड ठेवते.

विश्रांतीच्या अवस्थेत मेंढी मिनिटाला साधारण २० ते ४० वेळा श्वास घेते. उष्णता वाढल्यावर श्वसनाचा वेग अनेक पटींनी वाढतो आणि तीव्र ताणात तो २०० च्या पुढे जाऊ शकतो. प्रारंभी मेंढी तोंड मिटून, उथळ आणि जलद श्वास घेते. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणे हे ताण धोकादायक पातळीवर पोहोचल्याचे लक्षण आहे. या अवस्थेत रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटून आम्ल-अल्कली समतोल बिघडतो. धाप लागलेल्या मेंढीचे रवंथ करणेही कमी होते.

## लोकर, केस आणि शरीररचना

लोकर केवळ थंडीपासून संरक्षण करते असा समज असला, तरी कडक उन्हात ती उष्णतारोधकाचेही काम करते. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांवरील निरीक्षणांत उन्हात लोकरीच्या टोकांचे तापमान शरीराच्या तापमानाच्या सुमारे दुप्पट आढळले, तर लोकरीखालील त्वचा त्यापेक्षा पुष्कळ थंड राहिली. त्यामुळे भर उन्हाळ्यात मेंढी अगदी त्वचेलगत कातरून उघड्या माळावर सोडणे अपायकारक ठरते. मात्र दमट हवेत आणि सावलीत दाट लोकर उष्णता अडवून ठेवते.

उष्ण प्रदेशांतील अनेक जातींची लोकर विरळ व जाडीभरडी असते किंवा अंगावर लोकरीऐवजी केस असतात. लांब पाय, लोंबते कान आणि सडपातळ बांधा यांमुळे वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग वाढतो व उष्णता बाहेर टाकणे सुलभ होते. पश्चिम आशियातील आवासीसारख्या जातींत चरबी शेपटीत साठते. ती त्वचेखाली सर्वत्र पसरत नसल्याने उष्णतेच्या विसर्जनात अडथळा येत नाही आणि चाराटंचाईच्या काळात तीच चरबी ऊर्जेचा साठा म्हणून उपयोगी पडते.

## आहार आणि उष्णता

मेंढी रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतुमय पदार्थांचे किण्वन करतात आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. वाळलेला, जाडाभरडा चारा पचविताना निर्माण होणारी उष्णता मिळणाऱ्या उपयुक्त ऊर्जेच्या तुलनेत अधिक असते. कोवळा, पचनीय चारा आणि माफक प्रमाणातील खुराक यांत ती कमी असते. उन्हाळ्यात माळावर नेमका वाळलेला चाराच उरतो. म्हणजे ज्या काळात कमी उष्णता निर्माण करणारे अन्न हवे, त्याच काळात मेंढीला सर्वाधिक उष्णता निर्माण करणारे अन्न मिळते.

याला प्रथिनांच्या अभावाची जोड मिळते. कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नीट काम करण्यासाठी चाऱ्यात साधारण ७ ते ८ टक्के कच्ची प्रथिने लागतात. पक्व होऊन वाळलेल्या गवतात हे प्रमाण पुष्कळदा ५ टक्क्यांहूनही कमी असते. अशा वेळी पचन मंदावते, चारा पोटात अधिक काळ राहतो आणि पोट भरलेले असूनही मेंढीचे पोषण होत नाही.

प्रौढ मेंढीला दररोज शरीराच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के शुष्क पदार्थ लागतात. ३० किलोग्रॅम वजनाच्या मेंढीसाठी हे प्रमाण साधारण ९०० ग्रॅम होते. सौम्य हवामानात प्रत्येक किलोग्रॅम शुष्क पदार्थामागे सुमारे २ ते ३ लिटर पाणी लागते, तर कडक उन्हाळ्यात ही गरज दुपटीपर्यंत जाऊ शकते. पाणी कमी पडल्यास चाऱ्याचे सेवनही घटते. वाळवंटी जाती मात्र मूत्र दाट करून व लेंड्यांतील पाणी शोषून घेऊन पाण्याची बचत करतात आणि शरीरातील पाण्याची मोठी घट सोसू शकतात.

## उष्णतेच्या ताणाचे मापन

केवळ तापमापीवरून ताणाचा अंदाज येत नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. म्हणून तापमान आणि सापेक्ष आर्द्रता एकत्र करणारा तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. मराई आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांसाठी वापरलेल्या सूत्रानुसार निर्देशांक २२.२ पेक्षा कमी असल्यास ताण नसतो, २२.२ ते २३.३ मध्यम, २३.३ ते २५.६ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र ताण मानला जातो.

या सूत्राने ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या हवेचा निर्देशांक सुमारे ३३.७ येतो, तर ३४ अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रता असलेल्या दमट हवेचा सुमारे ३२.५. तापमापीवरील सहा अंशांचा फरक निर्देशांकात जेमतेम एकावर येतो. निर्देशांकात ऊन, वारा आणि जातीची अनुकूलता यांचा समावेश नसल्यामुळे स्थानिक जातींच्या बाबतीत त्याच्या मर्यादा ढोबळ समजाव्या लागतात.

## परिणाम

उष्णतेच्या ताणाचा पहिला परिणाम भुकेवर होतो. दुपारी मेंढ्या चरणे थांबवतात, झाडाच्या सावलीत घोळक्याने उभ्या राहतात आणि एकमेकींच्या पोटाखाली डोके खुपसतात. ताण दीर्घकाळ टिकल्यास वजन व दूध घटते आणि कोकरांची वाढ मंदावते.

प्रजननावरील परिणाम उशिरा दिसतात, म्हणून अनेकदा त्यांचे कारण लक्षात येत नाही. मेंढ्याचे वृषण शरीरापेक्षा काही अंश थंड राहणे आवश्यक असते. उष्णतेने शुक्राणूंची प्रत खालावते आणि नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागत असल्याने उष्म्याची लाट ओसरल्यानंतरही नर काही काळ कमी फलक्षम राहतो. मेंढी फळल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत भ्रूण दगावण्याची शक्यता वाढते. गाभण काळात दीर्घ ताण असल्यास वारेची वाढ अपुरी होऊन कोकरू कमी वजनाचे जन्मते.

## दख्खनच्या पठारावरील मेंढीपालन

दख्खनी मेंढी महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातील कोरड्या भागांत आढळते. ती प्रामुख्याने काळ्या किंवा काळ्या-करड्या रंगाची असून तिच्या जाड्याभरड्या लोकरीपासून घोंगडी विणली जाते. महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे स्थानिक प्रकार ओळखले जातात. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंच, लांब कानांची आणि बाकदार नाकाची असते.

धनगर समाजाच्या फिरत्या मेंढपाळीत चाऱ्याचे ऋतुचक्र ठरलेले असते. पावसाळ्यात माळरानावरील मारवेल, पवन्या, कुसळी इत्यादी गवते कोवळी असतात. कुसळी फुलोऱ्यावर आल्यानंतर तिची कुसे लोकरीत अडकतात व त्वचेत रुततात. सुगीनंतर रिकाम्या रानांतील ज्वारीची धाटे, तूर-हरभऱ्याचे भुसकट व भुईमुगाचा पाला मिळतो. उन्हाळ्यात बोर, बाभूळ यांसारख्या झाडांचा पाला आणि बाभळीच्या शेंगा यांवर भिस्त असते. गवत वाळले तरी खोल मुळांची झाडे हिरवी राहतात आणि त्यांच्या पाल्यात प्रथिने अधिक असल्यामुळे वाळलेल्या चाऱ्यातील उणीव काही प्रमाणात भरून निघते.

पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कळप दिवाळीच्या सुमारास सह्याद्री उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. कोकणातील अतिवृष्टी व चिखल मेंढ्यांना मानवत नाहीत, तर पावसाळ्यात पठारावर चारा असतो. कोकणातील दमट हवा पाहता हे स्थलांतर उष्णतेपासून सुटका करून घेण्यासाठी नसून चारा आणि पाण्यासाठी आहे. भातकापणीनंतरच्या शेतांत कळप रात्री बसविला जातो. शेताला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात.

## व्यवस्थापन

* चराईची वेळ: उन्हाळ्यात पहाटे ते सकाळचा पूर्वार्ध आणि ऊन उतरल्यानंतर चराई केली जाते. चारा पचतानाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते, त्यामुळे आहाराचा मोठा भाग सायंकाळी मिळाल्यास ती उष्णता रात्रीच्या थंड हवेत बाहेर टाकता येते.
* पाणी आणि सावली: पाणी स्वच्छ व शक्यतो सावलीत ठेवावे लागते. पत्र्याच्या बंदिस्त शेडपेक्षा खेळती हवा असलेली झाडाची सावली अधिक उपयुक्त असते.
* पूरक आहार: शेंगदाणा किंवा सरकी पेंड, शेवरी-सुबाभळीचा पाला, खनिज मिश्रण आणि मीठ यांनी वाळलेल्या चाऱ्याची उणीव भरून काढता येते. सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने ती मर्यादित प्रमाणातच दिली जाते.
* चाऱ्यावर प्रक्रिया: १०० किलोग्रॅम वाळलेल्या चाऱ्यावर ४ किलोग्रॅम युरियाचे द्रावण शिंपडून तो सुमारे तीन आठवडे हवाबंद ठेवल्यास त्याची पचनीयता व नत्राचे प्रमाण वाढते. युरियाचे द्रावण मेंढीने थेट प्यायल्यास प्राणघातक विषबाधा होते.
* धोके: ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा पाण्याच्या ताणातील ज्वारी खाल्ल्यास हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होते. तिला ग्रामीण भागात ‘किराळ लागणे’ म्हणतात. कापणी झालेल्या रानात धान्य अधिक खाल्ल्यास कोठीपोटातील आम्लता वाढून मेंढी दगावू शकते.
* कातरणी: दख्खनी मेंढीची लोकर साधारणतः वर्षातून दोनदा कातरली जाते. कातरणी कडाक्याच्या उन्हाआधी झाल्यास संरक्षणासाठी थोडी लोकर पुन्हा वाढलेली असते.

## जाती आणि पैदास

भारतात बारीक लोकरीसाठी मेरिनो व रॅम्ब्युले या परदेशी जातींशी संकर करण्यात आले. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत भारत मेरिनो आणि अविकालीन हे संकरित वाण विकसित झाले. अधिक लोकर व अधिक वजन यांसाठी अधिक चारा लागतो आणि त्यासोबत शरीरात अधिक उष्णताही निर्माण होते. त्यामुळे चाऱ्याची हमी नसलेल्या फिरत्या कळपांत उत्पादनक्षमता व सहनशीलता यांचा मेळ घालणे कठीण जाते.

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळा मार्ग स्वीकारला. बंगालमधील गरोल या लहान चणीच्या मेंढीतील जुळ्यांसाठी कारणीभूत असलेला जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार करण्यात आला. यात स्थानिक जातीची अनुकूलता राखून कोकरांची संख्या वाढविण्याचा उद्देश होता. जुळी वाढविणाऱ्या मेंढीला गाभण काळाच्या अखेरीस व दूध देताना अधिक पोषण लागत असल्याने येथेही आहाराचा प्रश्न निर्णायक ठरतो.

## आव्हाने

सिंचनाखालील क्षेत्राचा विस्तार, माळरानांचे अन्य वापर आणि वनक्षेत्रातील चराईबंदी यांमुळे चराईची ठिकाणे व कळपांच्या वाटा आक्रसत आहेत. बारमाही पिकांमुळे सुगीनंतर रिकामी राहणारी राने कमी झाली आहेत. याचा परिणाम केवळ चाऱ्यावर होत नाही. लांबची रिकामी राने शोधत कळपाला अधिक अंतर चालावे लागते, चालण्याने शरीरातील उष्णता वाढते आणि सावली व पाणी असलेली विसाव्याची ठिकाणेही दुर्मीळ होतात. वाढत्या तापमानात स्थानिक मेंढीची काटक प्रकृती तिला तारते ती चारा, पाणी आणि हिंडण्याची मोकळीक उपलब्ध असेल तोवरच.

## हे सुद्धा पहा

* दख्खनी मेंढी
* माडग्याळ मेंढी
* धनगर
* घोंगडी
* रवंथ करणारे प्राणी