लेही, फ्रँक
(२७ ऑगस्ट १९०८–२१ जून १९७३). अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू व महाविद्यालयीन संघांचे प्रशिक्षक. जन्म नेब्रास्का राज्यातील ओनील येथे. बालपण आणि शालेय फुटबॉल साउथ डकोटातील विनर या लहानशा गावी. इंडियानातील नोत्र दाम विद्यापीठात ते प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या हाताखाली टॅकल म्हणून खेळले. टॅकल हा आघाडीच्या फळीतला गडी. चेंडू त्याच्या हाती क्वचितच येतो. समोरच्याला रेटून धावणाऱ्या साथीदाराला वाट करून देणे हे त्याचे काम, त्यामुळे प्रेक्षकांना त्याचे नावही सहसा ठाऊक नसते.

१९२९ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात लेही होते. १९३० मध्ये गुडघा दुखावला आणि त्यांचा खेळ संपला. रॉकनी तेव्हा पायाच्या शिरांच्या विकाराने त्रस्त होते. उपचारांसाठी मेयो क्लिनिकला जाताना त्यांनी लेहींनाही बरोबर नेले. दोघे एकाच खोलीत राहिले. बोलणे अर्थात फुटबॉलचे. लेहींमधला प्रशिक्षक मैदानापेक्षा या खोलीतच अधिक घडला असावा. मार्च १९३१ मध्ये रॉकनी विमान अपघातात मरण पावले.

जॉर्जटाउन आणि मिशिगन स्टेटनंतर लेही न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात फळीचे प्रशिक्षक झाले. ‘ग्रॅनाइटचे सात ठोकळे’ म्हणून गाजलेली तिथली फळी त्यांच्याच तालमीतली. पुढे प्रशिक्षक म्हणून कीर्ती मिळवणारे विन्स लोम्बार्डी तिच्यात होते. मुख्य प्रशिक्षक म्हणून बॉस्टन कॉलेजला दोन हंगामांत २० विजय मिळवून देऊन (पराभव फक्त २) लेही १९४१ मध्ये नोत्र दामला परतले.

पुढच्याच वर्षी त्यांनी मैदानावर खेळाडू उभे करण्याची रॉकनींची जुनी रचना मोडून ‘टी’ रचना आणली. गुरूच्याच विद्यापीठात हे करणे धाडसाचे होते. १९४३ च्या राष्ट्रीय विजेतेपदाने ते सार्थ ठरले. मधली दोन वर्षे नौदलात गेली. १९४६, १९४७ आणि १९४९ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळाले. १९४६ ते १९४९ या चार हंगामांत संघ एकदाही हरला नाही.

जिंकण्याच्या या हव्यासाला दुसरी बाजूही होती. १९५३ मध्ये आयोवाविरुद्ध त्यांच्या खेळाडूंनी दुखापतीचे सोंग करून घड्याळ थांबवले व सामना बरोबरीत सोडवला. त्यावर बरीच टीका झाली. त्याच हंगामात जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला लेही स्वतः कोसळले, आणि ते मात्र सोंग नव्हते. १९५४ च्या आरंभी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी पद सोडले. एकूण कामगिरी : १०७ विजय, १३ पराभव, ९ बरोबरी. पोर्टलंड (ऑरेगन) येथे निधन.