वराहपिलांची हगवण : औषधाआधी आहार

हुपरीची ओळख चांदीच्या दागिन्यांची. भोवतालचे शिवार उसाचे, आणि घरटी जोडधंदा म्हशीच्या दुधाचा. कोल्हापूर जिल्ह्यात दुग्धव्यवसायाच्या तुलनेत वराहपालन फारच थोडे. मात्र मका, सोयाबीन पेंड, गव्हाचा कोंडा आणि साखर कारखान्यातील मळी हा त्यासाठी लागणारा कच्चा माल याच पट्ट्यात मिळतो. या मालाचे प्रमाण चुकले, तर पिलांना हगवण लागते. ती रोखण्यासाठी सरसकट प्रतिजैविके वापरली, तर त्याची किंमत शहरातल्या रुग्णालाही मोजावी लागते.

दूध तुटते तेव्हा

पिलू आईपासून वेगळे केल्यावर दुधातून मिळणारे संरक्षण थांबते. त्याच्या जठरात आम्ल कमी असते. एक-दोन दिवस ते खातच नाही आणि आतड्याच्या आतील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात. मग भुकेपोटी ते अधाशासारखे खाते. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात कुजतात, तर ई. कोलाय जिवाणू लहान आतड्याला चिकटून विष सोडतात. शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाते आणि पिलू दगावते ते बहुधा शरीर कोरडे पडल्यामुळे.

खुराक कसा असावा?

जन्मानंतर लवकरात लवकर चीक पाजणे ही पहिली पायरी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आईच्या दुधासोबत थोडा सुपाच्य भरडा द्यावा, म्हणजे आतडे घन आहाराला सरावते. दूध तुटल्यावर एकाच वेळी पोटभर न देता दिवसातून अनेकदा थोडे थोडे द्यावे. या काळात खुराकातील प्रथिने २१-२२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास आणणे लाभदायक ठरते. मात्र लायसिन, मेथिओनिन यांसारख्या अमिनो आम्लांची भरपाई करावी लागते, अन्यथा वाढ खुंटते. सायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लाचे योग्य प्रमाण जठरातील आम्लता वाढवून जिवाणूंना अटकाव करते. थोडा कोंडाही उपयुक्त असतो.

कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. उष्णतेची प्रक्रिया आवश्यक आहे. मळी जास्त झाल्यास शेण पातळ होते. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड विषारी ठरते. हॉटेलातील खरकटे न उकळता देणे सर्वांत धोकादायक. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग अशा अन्नातूनही पसरतो. २०२० मध्ये तो आसाम व अरुणाचल प्रदेशात भारतात प्रथम आढळला. त्यावर उपचार नाही.

प्रतिजैविकांचा प्रश्न

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ पासून बंदी घातली. त्यानंतर हगवणीवर झिंक ऑक्साइडची मोठी मात्रा वापरली जाऊ लागली. तिच्यातील जस्त शेणखतातून जमिनीत साचते आणि प्रतिरोधी जिवाणूंना वाव मिळतो, म्हणून जून २०२२ पासून युरोपात तीही थांबली. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या टप्प्यातील प्रतिजैविक. त्याला दाद न देणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक चीनमध्ये डुकरांतील जिवाणूंत सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनचा वापर बंद केला.

आहाराची मर्यादा

आहार हा प्रतिबंध आहे, सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. हगवण लागताच क्षार-साखरेचे पाणी द्यावे आणि गव्हाण व जागा कोरडी ठेवावी. शेणात रक्त, तीव्र ताप किंवा एकाएकी मरतूक दिसल्यास पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. प्रतिजैविक द्यायचे की नाही, कोणते आणि किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचे असते. पिलांच्या खुराकाकडे वेळीच लक्ष दिले, तर ही वेळ क्वचित येते.