शिफ्ट किट

शिफ्ट किट : टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब क्लचांकडे वळवणाऱ्या भागात) बसवायच्या सुट्या भागांचा संच. त्यात काही स्प्रिंगा, एखाद-दुसरा व्हॉल्व्ह, भोकांची नवी पत्रा-प्लेट किंवा जुन्या प्लेटची भोके वाढवण्यासाठी ठरावीक मापाचे ड्रिल आणि सूचनांचा कागद असतो. हे नाव अमेरिकेतील गिल यंगर यांनी सुरू केलेल्या ट्रान्सगो कंपनीचे व्यापारचिन्ह आहे. बोलण्यात मात्र कुठल्याही कंपनीच्या संचाला तेच चिकटले आहे.

संचाचे मूळ घर म्हणजे जनरल मोटर्सचे टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) व ३५० (१९६९) आणि फोर्डचे सी-४, सी-६ यांसारखे मुख्यतः तेलाच्या दाबावर चालणारे गिअरबॉक्स. गिअर पडताना प्रवाशाला धक्का बसू नये म्हणून कारखाना प्लेटची भोके बारीक ठेवतो आणि अ‍ॅक्युम्युलेटर नावाचा स्प्रिंगवाला दट्ट्या दाबाचा पहिला जोर पोटात घेतो. त्यामुळे क्लच क्षणभर घसरत घसरत पकडतो. हा आराम क्लचच्या अस्तराच्या जिवावर मिळतो. भोक मोठे केले, अ‍ॅक्युम्युलेटरची स्प्रिंग बदलली की दाब झटकन चढतो, घसरण कमी होते आणि तिच्यातून निघणारी उष्णताही. हौशी मंडळींना प्रत्येक गिअरला पाठीत बसणारा हिसका हीच किटची कमाई वाटते. खरे तर तो दुय्यम परिणाम आहे आणि भोक बेताबाहेर वाढवले तर तोच हिसका शाफ्ट आणि माउंटिंगवर निघतो.

बसवण्यासाठी बहुतेक वेळा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. चेंबर (तळाचे तेलपात्र) खोलून, तेल काढून, फिल्टर आणि मग व्हॉल्व्ह बॉडी खाली घेतात. खरी परीक्षा इथे असते. प्लेट सुटताच पाव इंची पोलादी गोळ्या घरंगळतात. कोणती गोळी कुठल्या खाचेतली, याचा फोटो आधी काढला नसेल तर पुढचा दिवस त्यातच जातो. परत बसवताना गोळ्या जागेवर राहाव्यात म्हणून व्हॅसलीनचा ठिपका लावतात. ते गरम तेलात विरघळते, चेसिसचे ग्रीस विरघळत नाही. पुसायला बनियन वेस्ट वापरू नये : एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत, कारण जादा आवळल्याने अ‍ॅल्युमिनियमची बॉडी वाकते आणि व्हॉल्व्ह आत चिकटतात.

क्लच आधीच जळलेला असेल, तेल काळे पडून करपट वास येत असेल, तर किटने काही साधत नाही. गिअरबॉक्स उघडणे भाग असते. अलीकडच्या सहा गिअरच्या पेट्यांत दाबाचे नियंत्रण सोलेनॉइड आणि संगणकाकडे गेले आहे. त्यांच्यासाठी मिळणारे संच मुख्यतः झिजलेल्या व्हॉल्व्ह-घरांतील गळती बुजवतात. ते बसवल्यावर स्कॅनरने संगणकाची जुनी शिकवण पुसावी लागते.

भारतात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान गाड्यांपैकी पुष्कळ एएमटी असतात. मारुती सेलेरियोने २०१४ मध्ये हा प्रकार इथे रूढ केला. त्यात साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने हलवले जातात. शिफ्ट किटचा तिथे संबंधच नाही. गिअर बदलताना गाडी डोलते म्हणून किट मागणारा ग्राहक बहुधा एएमटीवालाच निघतो. त्याच्या कामाची गोष्ट म्हणजे क्लचची झीज तपासून यंत्राचे कॅलिब्रेशन करून घेणे.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीला रायपूरजवळचे उरला चांगलेच कसाला लावते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातून नागपूरला निघालेली गाडी महामार्गावर बराच वेळ वरच्या गिअरमध्ये, कन्व्हर्टर लॉक करून धावते. तीच गाडी उरल्याच्या रोलिंग मिलांकडे सळया आणि बिलेट वाहणाऱ्या ट्रकांमागे रांगली की पहिला-दुसरा-पहिला असा खेळ सुरू होतो, आणि मे महिन्यात हवाच ४३-४४ अंशांवर असते. अशा वापरात किटच्या आधी तेलबदल आणि स्वच्छ ऑइल कूलर यांवर पैसे घालावेत.

तेलाची पातळी बघण्यातही इथला उन्हाळा आडवा येतो. आयसिन कंपनीच्या अनेक गिअरपेट्यांना तेल मोजायची दांडी नसते; तेल साधारण ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून तळाचा बोल्ट उघडतात आणि तेलाची धार थेंबांवर आली की बंद करतात. उन्हात उभ्या गाडीचे तेल इंजिन सुरू करण्याआधीच त्या मर्यादेला टेकलेले असते. इंजिन चालू होताच ते ती ओलांडते, फुगलेले तेल जादा सांडते आणि थंड झाल्यावर पेटी उपाशी राहते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे, रात्रभर सावलीत ठेवलेल्या गाडीवर उरकतात.