एकाच उड्डाणात दोन सूर्योदय, आणि एक चुकलेला मैल



पर्थ ते लंडन हे १४,४९८ किलोमीटर अंतर आज विमान न थांबता साधारण १७ तासांत कापतं. ही थेट सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली. पण याच पर्थहून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला १९४३ साली २७ ते ३३ तास लागायचे. अंतर निम्म्याहून कमी, वेळ जवळपास दुप्पट! असं का?

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग तुटला. त्यावर क्वांटास कंपनीने १९४३ मध्ये उपाय काढला: पर्थच्या स्वान नदीवरून उडायचं आणि थेट सिलोनच्या कोग्गला सरोवरात उतरायचं. विमान होतं कॅटलिना, पाण्यावर उतरणारं. इंधनच इतकं भरावं लागे की प्रवासी फक्त तीन आणि टपाल ६९ किलो. शत्रूच्या भीतीने रेडिओ बंद, त्यामुळे दिशा ताऱ्यांवरून ठरवायची. प्रवाशांना एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून 'डबल सनराइज' हे नाव. १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावलं नाही.

आता माझी फजिती. सेमिनारच्या स्लाइडवर मी अंतर ६,५०६ किमी लिहिलं होतं. एका सीनियरने विचारलं, "हे तू मोजलंस की उचललंस?" उचललंच होतं! मग मोजायला बसलो.

पर्थ साधारण ३२ अंश दक्षिण, ११५.८ पूर्व. कोग्गला ६ अंश उत्तर, ८०.३ पूर्व. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून गोलावरचं सर्वांत कमी अंतर काढलं, तर ते येतं सुमारे ५,६५० किमी. पण एवढ्यावरून माझा आकडा चूक ठरत नाही, कारण विमान वळसा घेऊनही गेलं असेल. म्हणून दुसरी तपासणी, वेगाची. ६,५०६ किमी २७ तासांत म्हणजे ताशी २४१ किमी. इंधन वाचवत उडणाऱ्या कॅटलिनाचा वेग ताशी २०० च्या आसपास. ५,६५० घेतलं तर २०९ येतो. हे पटण्यासारखं आहे.

खरी मेख तिसऱ्या तपासणीत सापडली. ६,५०६ ला ५,६५० ने भागा: १.१५. सागरी मैल १,८५२ मीटरचा, साधा मैल १,६०९ मीटरचा. त्यांचं गुणोत्तरही १.१५! मूळ आकडा होता ३,५१३ मैल. साधे मैल धरले तर ५,६५२ किमी, सागरी धरले तर ६,५०६. वाटेत कुणीतरी मैल बदलला होता, आणि मी तो तसाच पुढे ढकलला.

माझं नुकसान एका स्लाइडपुरतं. पण तीस तास खाली समुद्रच असलेल्या नेव्हिगेटरने पंधरा टक्क्यांची चूक केली असती तर?

संशोधनाला सुरुवात करताय ना? मग आकडा उतरवून घेण्याआधी तीन गोष्टी बघा: एकक कोणतं, दुसऱ्या वाटेने तोच आकडा येतो का, आणि दोन आकड्यांतला फरक ओळखीचा वाटतो का. यातली तिसरी आपण सहसा विसरतो, आणि माझी चूक नेमकी तिनेच पकडून दिली.