तरुणपणीचा लकवा आणि हृदयातली खिडकी

'लकवा' हा शब्द मूळ अरबी. युनानी वैद्यकात त्याचा अर्थ चेहरा वाकडा होणे. मराठीत तो निम्मे अंग लुळे पडण्यालाही वापरला जातो. हा म्हातारपणाचा आजार, अशी आपली समजूत. म्हणून पस्तिशीतल्या माणसाच्या 'अंगावरून वारं गेलं' की कुणी नजर लागली म्हणते, कुणी ताणाला दोष देते. खरे कारण शोधायचे राहून जाते.

यातल्या एका कारणाचा इतिहास जुना आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे असतात आणि त्यातून रक्त डावीकडे जाते, असे गॅलनने दुसऱ्या शतकात सांगितले. हजार वर्षे ते प्रमाण मानले गेले. 1242 मध्ये इब्न अल-नफीसने इब्न सीनाच्या ग्रंथावरील भाष्यात ते नाकारले. पडदा घट्ट आहे, रक्त फुप्फुसातूनच डावीकडे जाते, असे त्याने लिहिले. थोरांचे म्हणणे तपासून पाहणे हा त्याचा मोठेपणा.

मग पायातली गुठळी मेंदूत कशी पोहोचेल? ती फुप्फुसातच अडकायला हवी. 1877 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ युलियस कोनहाइमने 35 वर्षांच्या एका स्त्रीच्या मृत्यूची नोंद केली. तिच्या मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. वाट सापडली ती हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये. गर्भात बाळाची फुप्फुसे काम करत नाहीत, म्हणून तिथे एक खिडकी असते. जन्मानंतर ती मिटते. सुमारे चारांपैकी एकात मात्र पूर्ण मिटत नाही. खोकताना, जोर लावताना ती किंचित उघडते आणि गुठळी पलीकडे निसटते.

कोनहाइमला हे मृत्यूनंतर कळले. आज हाताच्या शिरेत बारीक बुडबुडे असलेले सलाइन देऊन, रुग्णाला जोर लावायला सांगून, सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत ते बुडबुडे डावीकडे दिसतात का हे पाहतात. पण खिडकी सापडली म्हणजे कारण सापडले असे नव्हे. ती चौथ्या निरोगी माणसातही असते. म्हणून मानेच्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके, रक्त गोठण्याचे दोष हेही तपासावे लागते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनंतर निवडक तरुण रुग्णांत ही खिडकी बंद करणे फायद्याचे ठरले.

तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर वय न पाहता लगेच इस्पितळ गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. जीव वाचल्यावर 'हे का झाले?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. कारण सापडले, तर दुसरा झटका टाळता येतो.