दर्पणाचे दोन रकाने

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लेक्चर डोक्यावरून जायचं. रोज डिक्शनरीतले वीस शब्द वहीत उतरवायचो, आठवड्यात सगळे गुल! मग 2016 चा दुष्काळ आला. लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ती बातमी आधी मराठी पेपरात वाचली, मग इंग्रजीत. 'ड्राउट', 'ऑर्चर्ड' पाठ करावेच लागले नाहीत. जालन्यातल्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांसमोर होत्या ना...

वाटलं, काय आयडिया काढली आपण! पण मंडळी, बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, तेच मुळी मराठी आणि इंग्रजी रकाने शेजारी शेजारी छापून. ते 1840 पर्यंत चाललं. ते काही भाषेचं क्रमिक पुस्तक नव्हतं. पण एक रकाना समजला की दुसऱ्यातले अनोळखी शब्द अंदाजाने लागणारच की.

आमच्याकडे मात्र 1948 पर्यंत निजामाचं राज्य. माझे पणजोबा शाळेत उर्दू शिकले. इंग्रजी घरात उशिराच आली.

असो. हल्ली सुट्टीत घरी गेलो की धाकट्या भावासमोर दोन पेपर ठेवतो. आधी मराठी, मग इंग्रजी. वही बंद!