‘नको’ म्हणण्याची सोय

पुण्याला समुद्र नाही, पण बंदरांचा अभ्यास पुण्यात होतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदराची छोटी प्रतिकृती बांधतात, तिच्यात भरती-ओहोटी आणतात आणि गाळ कुठे साचेल ते बघतात. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर होतं. लाटांचं गणित असं मांडता येतं. पण त्या पाण्यावर ज्याचं घर चालतं, त्याला कधी विचारायचं? याचं उत्तर शोधायला डहाणूजवळच्या वाढवणचा इतिहास बघावा लागतो.

चिकूच्या वाड्या, मासेमारी आणि वारली पाडे असलेला डहाणू तालुका केंद्र सरकारने २० जून १९९१ला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. अंमलबजावणी होईना, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने सांगितलं, की निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमा. सदस्य कोणत्या विषयातले असावेत तेही सांगितलं: जलविज्ञान, समुद्रविज्ञान, परिसंस्था, पर्यावरण अभियांत्रिकी, नियोजन. आणि हो, माहिती तंत्रज्ञानसुद्धा! म्हणजे आमच्या धंद्याला त्या यादीत जागा होती. मच्छीमाराला नव्हती.

तरीही त्या प्राधिकरणाने लोकांचं ऐकलं. अध्यक्ष होते न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी. पी अँड ओ या परदेशी कंपनीला वाढवणला मोठं बंदर बांधायचं होतं. गावोगावचे लोक विरोधात उभे राहिले. १९९८च्या सप्टेंबरमध्ये प्राधिकरणाने निकाल दिला, की या तालुक्यात असं बंदर बसत नाही. कंपनी परत गेली. तज्ज्ञ होते, लोक होते, आणि ‘नको’ हे उत्तर देण्याचा अधिकारही होता. त्यातला तिसरा भाग सर्वात महत्त्वाचा.

बंदराची कल्पना मात्र संपली नाही, आणि तिच्यामागे कारणही खरं होतं. कंटेनर जहाजं मोठी होत गेली. त्यांना खोल पाणी लागतं, आणि वाढवणजवळ सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते. आपला बराच माल आजही कोलंबोला जहाज बदलून पुढे जातो.

आता तारखा क्रमाने बघा. फेब्रुवारी २०२०: केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी. जुलै २०२३: त्याच डहाणू प्राधिकरणाची अटींसह परवानगी. जानेवारी २०२४: जनसुनावणी. एप्रिल २०२४: विरोधातल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. जून २०२४: ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी. ३० ऑगस्टला पायाभरणी.

सुनावणी झाली, पण जागा ठरल्यावर जवळपास चार वर्षांनी. तोवर प्रश्न ‘बंदर कुठे?’ असा उरलाच नव्हता, ‘बंदर कसं?’ एवढाच उरला होता. गावांचं म्हणणं तर जागेबद्दलच होतं. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ या घोषणेत दुरुस्ती सुचवलेलीच नाही. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटरची लाटरोधक भिंत होणार असेल, तर मासे कोणत्या खडकाशी येतात आणि होडी कोणत्या वाटेने परतते, हे नकाशावर रेघ ओढायच्या आधी विचारायला हवं. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. अशा वेळी किनाऱ्यावर सर्वात आधी धावणारे हेच लोक असतात.

सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्याला रिलीजच्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, तर त्याची मूळ तक्रार ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ या यादीत जाते. तिथे निदान पुढचं व्हर्जन येतं. समुद्रात टाकलेला भराव मागे घेता येत नाही.

म्हणून यापुढे कुठल्याही प्रकल्पाच्या बातमीत ‘जनसुनावणी पार पडली’ असं वाचलंत, तर दोन तारखा शोधा: जागा कधी ठरली, आणि लोकांना कधी विचारलं.